वळणातलं तांब्याभर पाणी

तेजाबाला मी घाबरतो, हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. बावीस वर्षं ज्याच्या जिवावर घर चाललं त्यालाच घाबरतो, असं सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत बियाण्यांवर प्रक्रिया करणारी एक शेड आहे, तिथं मी सुपरवायझर. कपाशीची सरकी जिनिंगमधून येते तेव्हा तिच्या अंगावर पांढरी लव असते. लवेमुळे दाणे एकमेकांना चिकटतात, पेरताना हातातून सुटत नाहीत. म्हणून सरकी मोठ्या ड्रममध्ये घालायची, वरच्या टाकीतून तिच्यावर तेजाब सोडायचं आणि दोन-तीन मिनिटं घोळायची. तेजाब म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. रजिस्टरात आम्ही तसं लिहितो, पण शेडमध्ये ते तेजाबच. लव जळून जाते, दाणा कॉफीच्या रंगाचा होतो. मग लगेच हौदात भरपूर पाण्यानं धुवायचा, चुन्याच्या निवळीतून काढायचा आणि वाळवायचा. दोन-तीन मिनिटांची दहा झाली की लवेबरोबर आतला कोंबही गेला. माझा मेहुणा वडीगोद्रीजवळ कापूस लावतो. तो पिशवी फोडतो तेव्हा त्याला रंग लावलेलं गुळगुळीत बी दिसतं. ते कशातून गेलंय हे त्यानं कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तेजाब सोडायचं काम चाचांकडे होतं. चाचा साठीच्या पुढचे, जुन्या जालन्यातून सायकलवर येणारे, उजव्या कानाची अर्धी पाळी गेलेले. टाकीचा कॉक उघडण्याआधी ते पाइपावर पान्ह्यानं तीनदा ठोकत आणि ओरडत, "तेजाब छोड रहा!" मग जो जिथं असेल तिथून त्यानं आवाज द्यायचा. "हौदावर, सुटू द्या." "ड्रमपाशी, सुटू द्या." "दारात, सुटू द्या." कुणाची तयारी नसेल तर त्यानं "थांबा" म्हणायचं. थांबा आला की कारण विचारायचं नाही, कॉकवरून हात काढायचा. चाचा आवाज मोजत. त्यांच्याशिवाय शेडमध्ये सहा माणसं असली तर सहा आवाज, आणि सर्वांत शेवटी सातवा त्यांचा स्वतःचा, "कॉकपर मैं." तो दिल्याशिवाय त्यांनी कॉक फिरवलेला मी पाहिला नाही. स्वतः कॉकवर उभे असताना स्वतःलाच हजेरी कशाला द्यायची, म्हणून नवीन लोक त्यांना हसत.

हे कुणी लावून दिलं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. चाचा म्हणाले, "एक बार एक आवाज नहीं आया था." एवढंच. पुढं त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. पण तेव्हापासून ते पान्ह्यानं ठोकायला लागले की माझ्या पोटात गोळा यायचा आणि सगळे आवाज येईपर्यंत तो तिथंच बसून राहायचा. बावीस वर्षांत एक दिवस असा गेला नाही.

मग माझी मुलगी बारावीची परीक्षा देऊन घरी बसली आणि तिनं लॅपटॉपवर कारखाना काढला.

तो खेळ असा. एक माणूस परक्या ग्रहावर एकटाच येऊन पडतो. तिथं त्यानं लोखंड खणायचं, वितळवायचं, पट्टे टाकायचे आणि यंत्रावर यंत्र चढवत कारखाना उभा करायचा. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. दहाव्या दिवशी मी कामावरून आलो, गाडी लावतो न लावतो तोच ती दारात.

"पप्पा, माझं तेजाब बनून न्हाई राह्यलं. तुमी एवढे तेजाबवाले, सांगा की."

मी चपलाही काढल्या नव्हत्या. घरात तो शब्द ऐकला आणि खरं सांगतो, आधी तिच्या हातांकडे पाहिलं.

पडद्यावर तिनं जमिनीतून तेल काढलं होतं, तेलाचा वायू केला होता, वायूत पाणी घालून गंधक बनवलं होतं. आता गंधक, पाणी आणि लोखंडाचे पत्रे एका यंत्रात गेले की तेजाब होणार होतं. लोखंड? मी म्हणालो, "तेजाब बनवायला लोखंड कशाला लागतं? तेजाब लोखंड खातं, बाई."

"इथं लागतं," ती म्हणाली. "इथलं तेजाब जेवून निघतं."

चूक साधी होती. तिनं पाण्याची नळी वायूच्या तोंडाला जोडली होती. मी ती दाखवली, तिनं बदलली, आणि यंत्राच्या पोटातून पिवळट हिरवं तेजाब निघून टाकीत जमायला लागलं. धूर नाही, घसा धरणारा वास नाही. तिचा छोटा माणूस त्या नळ्यांच्या मधून पळत होता आणि त्याला काही होत नव्हतं. मी पाहतच राहिलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा तेजाब माझ्यासमोर सुटलं आणि पोटात गोळा आला नाही.

त्या गोष्टीची मला चटक लागली. कारखान्याची नाही, त्या रिकाम्या पोटाची. कामावरून आलो की चहा लॅपटॉपपाशीच. बायको म्हणायची, "दिवसभर कारखाना, घरी आले तरी कारखाना. हौस फिटंना का तुमची?" आम्ही बापलेकींनी तेजाबाची आठ यंत्रं लावली. त्यातून बॅटऱ्या काढल्या. एका खाणीतली खडी तेजाब पाजल्याशिवाय निघत नव्हती, तिथपर्यंत नळी नेली. मी तिला शहाणपण शिकवायचो. घट्ट तेजाब लोखंडी टाकीत गुमान बसतं, पण पाणी लागलं की तीच टाकी खायला उठतं. तेजाबात पाणी कधी ओतायचं नाही, ते उकळून तोंडावर येतं. ती मान डोलवायची आणि पाण्याची नळी तेजाबाच्या नळीला खेटून टाकायची. तिथं चालत होतं.

एकदा तिच्या हातून तेजाबाच्या नळीत भलतंच काही गेलं आणि सगळं तुंबलं. मला वाटलं, आता अर्धा कारखाना उपसायचा. तिनं नळीवर टिचकी मारली, एक बटण दाबलं आणि नळी कोरडी झाली. झालं.

"गेलं कुठं ते?" मी विचारलं.

"कुठं जानार? रिकामी केली नळी."

मला ते फार आवडलं. इतकं आवडलं, हीच माझी लाज आहे.

महिनाभरात शेडमध्येही माझ्यात फरक पडला. चाचा ठोकायला लागले की मी मनात म्हणायचो, किती वेळ घालवतात. आवाज मोजत ते उभे राहिले की मी घड्याळ बघायचो. आणि मुलगी मागे लागली होतीच, "पप्पा, मला खरं बघायचं." आधी मी विषय तोडायचो. तिथं वास असतो, बायकांचं काम नाही, असं काहीबाही. ती म्हणायची, हौदावर तर बायकाच आहेत, तुम्हीच सांगितलं. तिला केमिकल इंजिनिअरिंगला जायचं होतं. ते या खेळामुळे की माझ्यामुळे, हे मी तिला विचारलेलं नाही. दोन्ही उत्तरांची मला धास्ती होती.

चैत्रात चाचांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस धूळ आणि धूर बंद, तोवर कॉक माझ्याकडे. जाताना ते मला म्हणाले, "पाइप धीमा चल रहा है तो चलने दे. हाथ मत लगा." पाइप खरंच मंद झाला होता. तेजाबाच्या एका टँकरमध्ये गाळ आला होता आणि तो खाली बसत होता. हंगाम अंगावर आलेला, गोदामात सरकीची थप्पी, शेठ दिवसातून तीनदा येऊन म्हणायचे, "जल्दी करो भई, बुकिंगवाले दरवाजे में बैठे हैं."

तिसऱ्या दिवशी सुटीच्या वेळी मी पाइपाचा टाकीकडचा जोड सोडवला, पाण्याची नळी लावली आणि आतून पाइप धुवून काढला. खालून काळा गाळ आला, मग स्वच्छ पाणी आलं, मग थेंब, मग तेही थांबलं. पाइप मोकळाच ठेवून सकाळी जोडला. ज्या माणसानं घरी पोरीला पाणी आणि तेजाबावर प्रवचन दिलं होतं, त्यानंच हे केलं. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा आमचा पाइप नव्हता, पडद्यावरची नळी होती. रिकामी केली म्हणजे रिकामी. पण आमचा पाइप भिंतीवरून खाली येतो आणि ड्रमकडे वळताना जरा पोट काढतो. त्या पोटात तांब्याभर पाणी राहिलं होतं.

आणि नेमक्या त्याच सकाळी मी मुलीला बरोबर घेऊन गेलो. मला आता कशाची भीती वाटत नव्हती ना.

तिला दाराजवळ उभं केलं, तोंडाला रुमाल बांधायला लावला. अंगावर सुती सलवार-कमीज, गळ्यात सुती ओढणी, डोळ्यांना तिचा रोजचा नंबरचा चष्मा. माझा मोठा संरक्षक चष्मा माझ्याच खिशात होता. ड्रम भरला. मी टाकीच्या मचाणावर चढलो. खाली सगळे आपापल्या जागी दिसत होते, निदान मला तसं वाटलं. पान्हा कॉकला टांगलेला होता. चाचा नव्हते. मी पान्हा घेतला नाही, ठोकलं नाही, ओरडलो नाही. खेळात कोण ओरडतं? मी कॉक फिरवला.

पाइपातून आधी गुरगुर आली. असा आवाज मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. मग वळणापाशी फस्स झालं आणि जोडातून पांढरी वाफ उसळली. मी खाली पाहिलं. वाफेच्या खाली, पाइपाच्या पोटाशी वाकून, जोड निरखत माझी मुलगी उभी होती. पडद्यावर ती अशीच नळीच्या अगदी जवळ जाऊन बघायची.

कॉक मी बंद केला असणार, कारण नंतर तो बंद होता. मला ते आठवत नाही. तिनं हात तोंडासमोर धरलेला आठवतो. मचाणाच्या शिडीला किती पायऱ्या आहेत हे मला आजही सांगता येत नाही, पण त्या दिवशी त्या संपत नव्हत्या. हौदावरच्या बाईनं माझी वाट पाहिली नाही. तिनं मुलीच्या केसांना आणि दंडाला धरून ओढलं आणि चांगल्या पाण्याच्या हौदात अख्खी लोटली, डोक्यासकट. वर आली की नळ तोंडावर, पुन्हा खाली. मी काठाशी पोचलो तेव्हा ती बाई माझ्यावर खेकसली, "हात नका लावू तिला, पानी धरा पानी." मी पाण्याची नळी धरून उभा राहिलो. निम्मं पाणी भिंतीवरच जात होतं.

"डोळे उघड," बाई म्हणत होती. "बाई, डोळे उघड, मले बघू दे."

ती डोळे उघडत नव्हती. किती वेळ उघडत नव्हती, ते मी कधीच कुणाला बरोबर सांगू शकलो नाही. मी देवाचं नाव घेतलं नाही, काही नाही. डोक्यात एकच चालू होतं, की बटण कुठंय. खरंच. हे सगळं मागं नेणारं बटण कुठं असेल, असं मी काठावर उभा राहून शोधत होतो.

मग तिनं डोळे उघडले. लाल झालेले, पण दोन्ही. म्हणाली, "पप्पा, माझा चश्मा कुठंय?"

चष्मा हौदाच्या तळाशी होता. वाफेबरोबर आलेला एक थेंब काचेवर बसला होता, हे तिनंच नंतर सांगितलं. डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत सरकीच्या दाण्याएवढे चार डाग पडले. ओढणी आम्ही पाण्यातून काढली तर हातात तिचे तुकडे आले. सुतीच ती. तेजाबाला सरकीवरची लव काय आणि ओढणी काय, सारखंच. ती ओढणी तिनं तोंडासमोर धरली होती.

डॉक्टरांकडून घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "आईला गरम तेल उडालं म्हनून सांगू." मी मान हलवली. पण घरी पोचल्यावर बायकोनं प्लॅस्टिकच्या पिशवीतले ते तुकडे बाहेर काढले, जमिनीवर पसरले आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पाइप धुतल्याचं, न ठोकल्याचं, चाचांच्या त्या न आलेल्या आवाजाचं, आणि बावीस वर्षं मला भीती वाटत होती तेही. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "वाटत होती तवा पोर सलामत होती." दुसऱ्या दिवशी ती राजूरच्या गणपतीला नारळ फोडून आली. माझ्याशी मात्र आठवडाभर कामापुरतंच बोलली.

चाचा डोळ्यावर काळा चष्मा लावून पंधराव्या दिवशी आले. त्यांना सगळं कळलेलं होतं. पाइपाच्या नव्यानं बसवलेल्या वळणावरून त्यांनी हात फिरवला.

"पुकारा था?"

"न्हाई, चाचा."

"छोकरीकू बताया था, जवाब कैसा देना?"

"न्हाई."

"मेरी आँख में तो मोतिया था," ते म्हणाले. "तेरेकू क्या हुआ था?"

त्यांनी पान्हा घेतला, तीनदा ठोकलं आणि ओरडले. माझी पाळी आली तेव्हा माझा आवाज फुटेना. त्यांनी कॉकवरचा हात काढला आणि तो फुटेपर्यंत ते थांबून राहिले.

शेठला मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी कामावरून काढलं नाही, पण पुढं पाइपाला हात लावायची परवानगी फक्त चाचांना ठेवली. बरोबरच होतं ते.

मला वाटलं होतं, मुलीचं केमिकलचं वेड आता उतरेल. तसं मी देवाकडे मागितलंही. ती मात्र अर्ज भरत होती. मी म्हणालो, कॉम्प्युटर घे, सगळे घेतात. ती म्हणाली, "पप्पा, मला पायपाचं पोट कुठं असतं ते माहिती झालंय. कॉम्प्युटरवाल्यांना न्हाई माहिती." मी चिडलो, आवाज चढवला, दोन दिवस अबोला धरला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. इथं पोळलं तिला आणि फुंकत बसलो होतो मी. मला तिच्या हातावरच्या डागांची भीती नव्हती. भीती याची होती की त्या डागांनी ती घाबरलेली दिसत नव्हती. माझ्यासारखीच एक दिवस तिच्याही पोटातला गोळा नाहीसा होईल, दूर कुठल्या तरी शहरात, जिथं मचाणाखाली आमची हौदावरची बाई नसेल.

प्रवेश मिळाला. होस्टेलला जायच्या आदल्या रविवारी दुपारी बॅग भरून झाली होती. मी पलंगावर पेपर धरून बसलो होतो, वाचत नव्हतो. ती लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसली. त्या दिवसानंतर घरात तो खेळ कुणी उघडला नव्हता. मी बघितलं, तिनं तेजाबाचं एक नवं यंत्र लावलं, गंधकाचा पट्टा जोडला, पाण्याची नळी जोडली आणि ती तेजाबाच्या नळीपासून चांगली लांबून फिरवून आणली. तिथं त्याची काही गरज नसते. मग तिनं पेन घेऊन टेबलावर तीनदा ठोकलं.

"तेजाब सुटून राह्यलं," ती मोठ्यानं म्हणाली.

आतून बायकोचा आवाज आला, "ओट्यापाशी. सुटू दे."

माझी पाळी होती. माझ्या पोटात तो जुना गोळा आला, अगदी पहिल्यासारखा, आणि मला तिची परीक्षा बघावीशी वाटली.

"थांब," मी म्हणालो.

तिनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मागं वळून पाहिलं नाही, का म्हणून विचारलं नाही. आत दूध तापत होतं, बायकोनं गॅस बारीक केल्याचं ऐकू आलं. पडद्यावर सगळे पट्टे नुसते उभे होते. दोन मिनिटं गेली असतील, जास्तही असतील. तिच्या डाव्या हातावरचे चार डाग मला पलंगावरून दिसत होते. ती तशीच बसून होती. मी सांगितलं नसतं तर संध्याकाळपर्यंत बसली असती.

"पलंगावर," मी म्हणालो. "सुटू दे."

तरी तिनं हात उचलला नाही. मला कळेना, अजून कशाला थांबली. घरात आम्ही तिघंच होतो, दोन आवाज देऊन झाले होते.

"कॉकवर मी," ती म्हणाली, आणि मग तिनं बटण दाबलं.